ऐकणारा नाटककार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात ‘माझा आवडता लेखक’ या विषयावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा आवडता लेखक’. मी गेली पस्तीस वर्षं दिवसा बँकेत पैसे मोजले आणि संध्याकाळी तालमी केल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे मी तेंडुलकरांवर बोलेन किंवा एलकुंचवारांवर, असा तुमचा अंदाज असणार. त्या दोघांचं माझ्यावर ऋण आहेच. पण आज ज्याच्यावर बोलणार आहे त्याचं नाव आपल्यातल्या अनेकांनी ऐकलेलं नसेल. ऑगस्ट विल्सन. अमेरिकेतला कृष्णवर्णीय नाटककार. जन्म 1945, मृत्यू 2005. जेमतेम साठ वर्षांचं आयुष्य.

शाळेच्या मेळाव्यात या माणसाबद्दल बोलायला एक खास कारण आहे. या लेखकानं पंधराव्या वर्षी शाळा सोडली. आणि ती का सोडली, हे आपण शाळेवर प्रेम करणाऱ्या माणसांनी नीट ऐकण्यासारखं आहे.

विल्सनचा जन्म पिट्सबर्ग शहरातल्या ‘हिल डिस्ट्रिक्ट’ नावाच्या वस्तीत झाला. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं गाव. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांतून सुटका करून घेतलेली कृष्णवर्णीय माणसं कामाच्या शोधात उत्तरेकडे आली, त्यांतली अनेक या टेकडीवर राहिली. वडील जर्मन, पेशानं बेकरीवाले. ते घरी असण्यापेक्षा नसतच जास्त. आई डेझी विल्सन लोकांच्या घरी साफसफाई करायची. सहा मुलं, किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्या, नळाला गरम पाणी नाही. पिट्सबर्गची थंडी मी अनुभवली आहे, म्हणून सांगतो, तिथे गरम पाणी ही चैन नाही. मुलगा चौथ्या वर्षी वाचायला लागला. आईनं त्याला वाचनालयात नेलं. मुलानं मोठं होऊन वकील व्हावं, अशी तिची इच्छा होती.

आधी एका नावाजलेल्या कॅथलिक शाळेत घातलं. तिथे हा एकटा काळा मुलगा. इतका छळ झाला की ती शाळा सोडावी लागली. मग एक धंदेशिक्षणाची शाळा, तिथेही मन रमलं नाही. मग वस्तीजवळची सरकारी शाळा. साल 1960. इतिहासाच्या विषयासाठी या मुलानं नेपोलियनवर वीस पानांचा निबंध लिहिला. शिक्षकांना तो इतका चांगला वाटला की त्यांचा विश्वासच बसेना. हे तू लिहिलेलं नाहीस, मोठ्या बहिणींपैकी कुणी लिहून दिलं असेल, असं ते म्हणाले आणि सिद्ध कर म्हणून अडून बसले. मुलानं सिद्ध करायला नकार दिला. निबंध कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि तो शाळेबाहेर पडला.

पुढचा भाग मला जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या आवारात आला आणि मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली बास्केटबॉल खेळत राहिला. कुणीतरी खिडकीतून डोकावेल, ‘अरे, तू वर्गात का नाहीस?’ असं विचारेल, या आशेवर. त्यानं स्वतःच नंतर हे सांगितलं आहे. कुणी विचारलं नाही. मग तो परत आलाच नाही.

आईला हे सांगायची हिंमत नव्हती. म्हणून रोज सकाळी शाळेच्या वेळेला घरातून निघायचं आणि थेट कार्नेगी वाचनालय गाठायचं. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीनं 1895 साली शहराला दिलेलं ते वाचनालय. दारावर दगडात कोरलंय की हे लोकांसाठी मोफत आहे. तिथे कुणी दाखला मागत नव्हतं, की हे पुस्तक तुला समजणार आहे का, असं विचारत नव्हतं. लँग्स्टन ह्यूज, रिचर्ड राइट, राल्फ एलिसन अशा कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं त्याला वाचनालयाच्या फळीवरच भेटली. आपल्यासारखी माणसं पुस्तकं लिहितात, हे त्याला तिथे कळलं. शिक्षण पुरं झालं ते त्या टेबलांवर. पुढे 1999 साली याच वाचनालयानं त्याला सन्मानपूर्वक हायस्कूलची पदविका दिली. वाचनालयानं माणसाला शाळा पास झाल्याचं प्रमाणपत्र द्यावं, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मुलगी नोकरीनिमित्त पिट्सबर्गला असल्यामुळे मी आणि माझी बायको तिच्याकडे तीन महिने राहून आलो. आपल्या वयाचे निम्मे लोक आता अशा वाऱ्या करतातच. नातवंडाला बाबागाडीतून फिरवायचं आणि उरलेल्या वेळात काय करायचं हा प्रश्न. मी त्या वाचनालयात जाऊन बसायचो. विल्सनची दहाच्या दहा नाटकं मी तिथे वाचली. आधी ‘फेन्सेस’ हा सिनेमा पाहिला होता, डेन्झेल वॉशिंग्टनचा, 2016 सालचा. त्यातल्या भूमिकेसाठी व्हायोला डेव्हिसला ऑस्कर मिळालं. सिनेमा बघून आलेला नट मूळ संहिता हातात पडल्यावर काय करतो? आपल्या वयाची भूमिका शोधतो. मीही तेच केलं. आणि मग त्या संहितांनी मला धरून ठेवलं.

दहा नाटकं म्हणजे काय प्रकार आहे, ते थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक नाटक. पहिलं 1904 सालात घडतं, शेवटचं 1997 मध्ये. एक सोडून बाकी नऊ नाटकं त्याच हिल डिस्ट्रिक्टमध्ये. सगळा मिळून एका वस्तीचा शंभर वर्षांचा इतिहास, पण त्यात राजे नाहीत, पुढारी नाहीत. कचरा उचलणारे आहेत, खानावळवाली आहे, भाडोत्री खोल्या देणारा आहे, गाणी वाजवणारे आहेत, तुरुंगातून सुटून आलेले आहेत. एस्टर आत्या नावाची एक म्हातारी आहे. तिचं वय तीनशेच्या वर सांगतात. हिशेब केला तर तिचा जन्म 1619 सालचा येतो, म्हणजे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकन गुलाम उतरवले ते साल. त्या समाजाची सगळी आठवण एका बाईत साठवलेली आहे.

आणि ही माणसं बोलतात कशी! या बोलण्यासाठीच मी विल्सनचा भक्त झालो. सुरुवातीला त्यालाही ते जमत नव्हतं. विसाव्या वर्षी त्यानं वीस डॉलरला जुना टाइपरायटर घेतला तो कवी व्हायला. आपल्या माणसांची बोली त्याला तेव्हा साहित्यात घेण्याजोगी वाटत नव्हती. पात्रांच्या तोंडी पुस्तकी, छापील वाक्यं घालायचा. त्यानं आपल्या मित्राला, रॉब पेनी या नाटककाराला विचारलं, तू पात्रांना इतकं छान बोलतं कसं करतोस? पेनीनं सांगितलं की आपण बोलतं करायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं.

ऐकायची सवय तशी त्याला होती. वस्तीत ‘पॅट्स प्लेस’ नावाचं तंबाखू-सिगारचं दुकान होतं. तिथे म्हातारे जमायचे. आपल्याकडे पारावर किंवा सलूनच्या बाकड्यावर जमतात तसे. हा विशीतला मुलगा त्यांच्यात नुसता उभा राहायचा. रेल्वे कधी आली, कोण कुणाच्या बायकोबरोबर पळाला, कुठल्या गिरणीत कोण मेला, सगळं कानात जायचं. पण कागदावर उतरलं ते फार उशिरा. 1978 मध्ये तो हजारएक किलोमीटर दूर मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात राहायला गेला. तिथे आजूबाजूला त्याची माणसं फार थोडी. आणि तिथे, त्या शांततेत, ते म्हातारे त्याच्या डोक्यात बोलायला लागले. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना हे लगेच कळेल. आजीची बोली आजीच्या शेजारी बसून ऐकू येत नाही. सात समुद्रांपलीकडच्या स्वयंपाकघरात एकदम ऐकू येते.

‘जिटनी’ हे नाटक तिथेच लिहिलं. जिटनी म्हणजे परवान्याशिवाय चालणारी भाड्याची गाडी, आपल्याकडचं वडाप समजा. नेहमीच्या टॅक्सीवाल्यांना काळ्या वस्तीत यायचं नसायचं, म्हणून वस्तीतल्याच लोकांनी आपल्या गाड्या काढल्या. एका खोलीत एक टेलिफोन, त्याभोवती पाच-सहा ड्रायव्हर. फोन वाजला की एकजण निघणार. नगरपालिका ती इमारत पाडणार आहे, आणि खोली चालवणाऱ्या बेकरचा मुलगा वीस वर्षांची शिक्षा भोगून आज सुटतोय. बापलेकांमध्ये एकच मोठं भांडण आहे, आणि समेट व्हायच्या आधीच बाप गिरणीतल्या अपघातात जातो. नाटकाच्या शेवटी फोन वाजतो. सगळे गप्प. मुलगा पुढे होतो आणि फोन उचलतो. बस्स. इतक्या कमी हालचालीत इतका मोठा शेवट मी क्वचित वाचला आहे.

इमारती पाडण्याची ती गोष्ट काल्पनिक नाही. 1956 पासून पिट्सबर्गनं हिल डिस्ट्रिक्टचा खालचा भाग विकासाच्या नावाखाली भुईसपाट केला. सुमारे आठ हजार माणसं उठवली आणि तिथे मोठं क्रीडागृह बांधलं. पन्नास वर्षांनी तेही पाडलं. मी गेलो तेव्हा त्या जागेचा बराच भाग गाड्या उभ्या करायला वापरत होते. जिथे दुकानं, क्लब, घरं होती, तिथे डांबरावर मारलेल्या पांढऱ्या रेघा. ती वस्ती आता संपूर्ण, जिवंत, बोलती अशी कुठे पाहायची, तर विल्सनच्या नाटकांत.

आता ‘फेन्सेस’बद्दल. फेन्सेस म्हणजे कुंपणं. साल 1957. ट्रॉय मॅक्सन, वय त्रेपन्न, महापालिकेच्या कचरागाडीवर कामाला. तरुणपणी बेसबॉलचा जबरदस्त खेळाडू, पण गोऱ्यांच्या मुख्य लीगमध्ये तेव्हा काळ्यांना प्रवेश नव्हता. 1947 साली जॅकी रॉबिन्सनमुळे ते दार उघडलं, तोवर ट्रॉयची चाळिशी उलटली होती. ही त्याची कायमची जखम. नाटकाच्या सुरुवातीला त्याच्यावर नोकरी जायची पाळी आहे, कारण त्यानं साहेबाला एक प्रश्न विचारलाय: गाडी चालवायला सगळे गोरे, आणि मागे लटकून डबे उचलायला सगळे काळे, असं का? विल्सन पुढे मजा करतो. ट्रॉयला ड्रायव्हरची बढती मिळते, आणि मग कळतं की त्याच्याकडे गाडी चालवायचा परवानाच नाही. त्याला वाचताही येत नाही.

त्याचा मुलगा कोरी फुटबॉल चांगला खेळतो. कॉलेजात शिष्यवृत्ती मिळू शकते. बाप सही करायला तयार नाही. मला खेळानं फसवलं, तुलाही फसवेल. त्यापेक्षा हातात कला असू दे, दुकानातली नोकरी धर. एका प्रसंगात मुलगा विचारतो की मी तुम्हाला कधी आवडलोच नाही का. ट्रॉयचं उत्तर अंगावर येतं. तुझ्यासाठी राबतो, खायला घालतो, छप्पर देतो, ते तू माझा मुलगा आहेस म्हणून. ती माझी जबाबदारी आहे. आवडण्याचा प्रश्न येतो कुठे?

मित्रांनो, आपल्यातल्या किती जणांच्या वडिलांनी आपल्याला ‘तू मला आवडतोस’ असं म्हटलं होतं? हात वर करायला सांगत नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रात्रीची मुक्कामी गाडी करून सकाळी घरी यायचे, तेव्हा मी शाळेत निघालेला असायचो. त्यांनी माझ्या वह्यांना दरवर्षी स्वतः खाकी कव्हरं घातली. बोलले काहीच नाहीत. ट्रॉयची भूमिका वाचताना मला ती कव्हरं दिसत होती. विल्सनचं मोठेपण असं की तो ट्रॉयची बाजू घेत नाही आणि त्याला गुन्हेगारही ठरवत नाही. ट्रॉय बायकोशी प्रतारणा करतो. दुसरी बाई बाळंतपणात जाते, तेव्हा तो तान्ही मुलगी घेऊन बायकोपुढे उभा राहतो. रोझ त्या बाळाला पदरात घेते, नवऱ्याला मात्र घेत नाही. या एका प्रसंगासाठी जगातली कुठलीही नटी आपला हात तोडून देईल.

गावी परत आल्यावर मला हे नाटक मराठीत ऐकायचं होतं. प्रयोग नाही, हक्कांचा वगैरे प्रश्न. फक्त घरातल्या घरात, आम्हा चार-पाच जुन्या हौशी नटांपुरतं वाचन. काही प्रवेश मी मराठीत उतरवून काढले. ट्रॉय अर्थातच मी वाचणार होतो. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

आमच्यात एक मित्र आहे, नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. त्याचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्यानं माझं भाषांतर चाळलं आणि विचारलं, “हे असं कोण बोलतं रे?” मी ट्रॉयला आपली शाळेतली मराठी दिली होती. ‘मी तुझ्यासाठी कष्ट करतो’ वगैरे. मित्रानं कागद घेतला आणि तेच वाक्य आपल्या वडिलांच्या बोलीत म्हणून दाखवलं. खोलीतली हवा बदलली. पुढची सगळी संध्याकाळ ट्रॉय त्यानं वाचला आणि मी वाचला बोनो, ट्रॉयचा कचरागाडीवरचा दोस्त. बोनो बहुतेक वेळ ऐकतो. पस्तीस वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत चांगली भूमिका.

गाडी कुणी चालवायची आणि डबे कुणी उचलायचे, हा प्रवेश झाल्यावर मित्र थांबला. म्हणाला, “आमच्या वडलांनी सव्वीस वर्षं उचलण्याचंच काम केलं. त्यांच्या बरोबरचे सगळे आमच्याच आळीतले. हा प्रश्न त्यांनी साहेबाला कधी विचारला नाही. घरी मात्र रोज विचारायचे.” आम्ही कुणी काही बोललो नाही. पिट्सबर्गचं 1957 साल आमच्या गावातल्या त्या खोलीत येऊन बसलं होतं.

हा धागा आपल्याकडे नवीन नाही. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. मराठवाड्यात जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांची नाटकं आपण स्पर्धेत पाहिली, काही केली. पण वंश म्हणजे जात नव्हे आणि हिल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपली आळी नव्हे, हेही नीट लक्षात ठेवलं पाहिजे. विल्सन स्वतः याबाबत फार कडक होता. 1996 साली प्रिन्स्टनमध्ये नाट्यव्यावसायिकांच्या परिषदेत त्यानं गाजलेलं भाषण केलं. आमच्या लोकांना गोऱ्यांच्या नाटकांत भूमिका देऊन उपकार करू नका, आमच्या स्वतःच्या रंगभूमीला पैसा आणि जागा द्या, असं त्याचं म्हणणं. त्यावर मोठा वाद झाला. रॉबर्ट ब्रुस्टीन हे ज्येष्ठ समीक्षक आणि विल्सन न्यूयॉर्कमध्ये जाहीर व्यासपीठावर समोरासमोर आले. ‘फेन्सेस’च्या सिनेमाचा दिग्दर्शक कृष्णवर्णीयच हवा, यावर तो अडून बसला आणि त्याच्या हयातीत सिनेमा झालाच नाही. तो आला मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

नट म्हणून मला हे पहिल्यांदा पटत नव्हतं. नटानं कुणीही व्हावं, हा आमचा धर्म. पण त्या संध्याकाळनंतर मला विल्सनच्या म्हणण्याचा गाभा कळला. तो असं म्हणत नव्हता की दुसऱ्याचं दुःख तुम्हाला कळणारच नाही. तो म्हणत होता की ज्याचं आहे त्याला आधी बोलू द्या. तुम्ही ऐका. पुढचं पुढे.

त्यानं नटांना काय दिलं, तेही सांगतो. चार्ल्स डटन नावाचा नट. तरुणपणी तुरुंगात गेला, नाटकाची ओढ त्याला तुरुंगातच लागली, बाहेर येऊन येल विद्यापीठात शिकला. 1984 मध्ये विल्सनचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ ब्रॉडवेवर आलं, त्यात डटन लेव्हीच्या भूमिकेत होता. लेव्ही हा वादक. स्वतःची गाणी, स्वतःचा बँड, एवढंच स्वप्न. गोरा कंपनीवाला त्याची गाणी नाकारतो आणि लेव्ही सुरा उगारतो कुणावर, तर त्याच्या नव्या बुटांवर पाय पडलेल्या आपल्याच म्हाताऱ्या सोबत्यावर. राग वर जात नाही, शेजाऱ्यावर फुटतो. वस्तीवस्तीत, घराघरांत हेच चालतं. 2020 च्या सिनेमात हीच भूमिका चॅडविक बोसमननं केली, आणि ती त्याची शेवटची ठरली. जेम्स अर्ल जोन्स, लॉरेन्स फिशबर्न, व्हायोला डेव्हिस, या सगळ्यांना विल्सनच्या भूमिकांनी टोनी पुरस्कार मिळवून दिले. स्वतः विल्सनला पुलित्झर दोनदा मिळालं. 1987 साली ‘फेन्सेस’साठी, 1990 साली ‘द पियानो लेसन’साठी. वीस पानांचा निबंध ज्याचा स्वतःचा मानला गेला नाही, त्या मुलाला.

यश मिळण्याआधीची गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. यूजीन ओनील नाट्यकेंद्राकडे तो नाटकं पाठवत होता आणि ती परत येत होती. एकामागून एक. पोटासाठी एका सेवाभावी संस्थेत स्वयंपाकी म्हणून काम करत होता. 1982 मध्ये ‘मा रेनी’ स्वीकारलं गेलं आणि तिथे त्याला लॉइड रिचर्ड्स हा दिग्दर्शक भेटला. तेव्हा विल्सन सदतीस वर्षांचा होता. लिहायचा कुठे? हॉटेलात, बारमध्ये, कागदी रुमालांवर. कोरा कागद समोर असला की दडपण येतं, रुमालावर लिहिलेलं कुणी मोजत नाही, म्हणून हात मोकळा चालतो.

शेवटचं नाटक पूर्ण करून, 2005 च्या उन्हाळ्यात यकृताचा कॅन्सर निघाला, आणि ऑक्टोबरच्या 2 तारखेला तो गेला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका थिएटरला त्याचं नाव दिलं. पुरलं मात्र पिट्सबर्गलाच.

‘फेन्सेस’चा शेवट सांगतो आणि मग एक मागणी करतो.

शेवट 1965 सालचा आहे. ट्रॉय गेलाय. कोरी सैन्याच्या गणवेशात घरी आलाय आणि बापाच्या अंत्ययात्रेला जाणार नाही म्हणतो. आयुष्यात एकदा तरी त्याला ‘नाही’ म्हणायचंय. तेवढ्यात त्या दुसऱ्या बाईची मुलगी, आता सात वर्षांची, अंगणात येते. दोघं पायरीवर बसतात. बाप एका कुत्र्याचं जुनं गाणं म्हणायचा, ते तिला येतं. त्यालाही येतं. दोघं मिळून ते गातात. मग तो उठतो आणि बहिणीला म्हणतो, चल, बूट घाल, जायचंय. बाप बदलला नाही, मुलानं माफीचं भाषण केलं नाही. फक्त दोघांनी एकच गोष्ट ऐकलेली होती.

आता मागणी. आपल्या माजी विद्यार्थी निधीतून काय करायचं, हे उद्याच्या बैठकीत ठरणार आहे. यादीत पहिलं नाव आहे रंगमंचाचं: नवा पडदा, दिवे, ध्वनियंत्रणा. मी नट, म्हणून मला त्या समितीत घेतलंय. माझं मत असं की पडदा थोडा थांबू दे. आधी आपल्या शाळेच्या वाचनालयाची ती काचेची कपाटं उघडूया. संध्याकाळी पाच ते नऊ, एक माणूस पगारी नेमून, चार टेबलं, चांगले दिवे. आणि ते फक्त शाळेच्या मुलांसाठी नको. गावातल्या कुणाही मुलासाठी, शाळेत असो की नसो. दाखला मागायचा नाही, अनामत घ्यायची नाही.

कारण आज इथे आपण जमलोय ते दहावीच्या फोटोतले आहोत. आठवीच्या हजेरीपटावर जेवढी नावं होती, तेवढे चेहरे त्या फोटोत नाहीत. कुणी वीटभट्टीवर गेला, कुणी गॅरेजवर, कुणाचं लग्न लावून दिलं. त्यांना आपण कुणी विचारलं नाही की तू वर्गात का नाहीस. त्यांच्या मुलांना, नातवंडांना तरी एक दार उघडं असावं. त्यांच्यातून नाटककार निघेलच असं नाही. निघायची गरजही नाही. संध्याकाळी दिव्याखाली बसून एखाद्यानं पुस्तक उघडलं आणि कुणी त्याच्याकडे संशयानं पाहिलं नाही, एवढं झालं तरी पुरे.

रंगमंचाचं पुढच्या वर्षी पाहू. जुन्या पडद्यावर मी अजून दोन-तीन प्रयोग करू शकतो.

सर, बाई, तुम्ही मला या व्यासपीठावर पहिल्यांदा उभं केलंत तेव्हा मी सातवीत होतो. आजही तितक्याच शांतपणे ऐकून घेतलंत.